सान अमारोचा पुढचा महापौर

सान अमारोत महापौर निवडून येत नाही, नंबराने येतो. आम्ही पाच नगरसेवक लोकांच्या मतांनी येतो आणि मग दर डिसेंबरात आपापसात खुर्ची फिरवतो. यंदा जो उपमहापौर, तो पुढच्या वर्षी महापौर. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, पण माझी आई या गावात आली तेव्हाही असंच होतं, आणि त्यावर कुणी वाद घातल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. डिसेंबरच्या त्या सभेत एकमताने ठराव होतो, जुना महापौर नव्याच्या हातात सभेची लाकडी हातोडी देतो, सगळे मिळून केक खातात, आणि काही महिन्यांनी सभागृहाबाहेरच्या बोळात भिंतीवर एक नवा फोटो लागतो.

ती भिंत मला आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या नगरसेवकाने, जोकिम सिल्व्हेरांनी दाखवली. म्हणजे पाहिलेली मी लहानपणापासून होती, अमा, माझी आई, पाण्याचं बिल भरायला रांगेत उभी असायची तेव्हा. पण नगरसेवक झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सिल्व्हेरा हातात कॉफीचा कागदी पेला घेऊन मला एकेका फोटोपुढे उभं करत गेले.

"हा पहिला. लोहार. वाचता येत नव्हतं, म्हणून ठराव मोठ्याने वाचायला लावायचा. अजून आपण मोठ्याने वाचतो ते याच्यामुळे."

"आणि हे?"

"हा युद्धातला. सरकारने गावातल्या जपानी लोकांना छावणीत नेलं तेव्हा याने त्यांच्या द्राक्षबागा सांभाळल्या, असं याची मुलं सांगतात."

"आणि जपानी?"

"ते वेगळं सांगतात." सिल्व्हेरा हसले. "ही आपली पहिली बाई. बाकीचे चौघे सभेत सिगार ओढायचे, तर ही घरून टेबलफॅन घेऊन यायची आणि त्यांच्याकडे तोंड करून लावायची. आणि हा बघ, हा देखणा गडी. याचं नाव काही आठवत नाही बुवा."

तो देखणा गडी म्हणजे ते स्वतः होते, काळ्याभोर मिशांचे, गोठ्यातून थेट उठून आल्यासारखे. त्यांचे दोन फोटो होते भिंतीवर. मी हसले. मला हा माणूस फार आवडला. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले, त्यामुळे वयाने मोठ्या पुरुषाने शेजारी उभं राहून काही समजावून सांगितलं की मी जरा लवकरच विरघळते. एफ्रेन, माझा नवरा, हे मला बऱ्याचदा ऐकवतो.

माझा नंबर आला त्या डिसेंबरात मी आठव्या महिन्यात होते. रक्तदाब चढलेला, पाय सुजलेले, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलेलं. सिल्व्हेरा घरी आले, बायकोने केलेला गोड पाव घेऊन. अमाने त्यांना कॉफी दिली आणि दाराआडून ऐकत उभी राहिली.

"तू या वर्षी जाऊ दे, पोरी," ते म्हणाले. "सभेत सांग, की मी या खेपेला थांबते. वर्षभर मी सांभाळतो. पुढच्या डिसेंबरात तुझी खुर्ची तुला."

"पण असं चालतं का? नंबर सोडला तर?"

"अवाकियनचं काय झालं? तो बेदाणेवाला, भिंतीवर खिडकीजवळ आहे बघ. त्याची बायको आजारी होती, याने नंबर सोडला. पुढच्या वर्षी सभेने त्याला टाळ्या वाजवत खुर्चीवर बसवलं. मी होतो तिथे, पोरगा होतो, मागे भिंतीला टेकून उभा. म्हातारा रडला होता."

मी दुसऱ्या दिवशी घरूनच फोन जोडून सभेला हजर राहिले आणि म्हणाले, या खेपेला मी थांबते. ठराव एकमताने झाला. सिल्व्हेरा तिसऱ्यांदा महापौर झाले, मी उपमहापौरच राहिले.

इसाउरा जानेवारीत झाली. वसंतात तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा धर्मपिता म्हणून सिल्व्हेराच उभे राहिले. कडक पांढऱ्या सदऱ्यात, तिला दोन्ही हातांवर असं धरून की जणू ती काचेची आहे. त्या दिवसापासून मी त्यांना मिस्टर सिल्व्हेरा म्हणायचं सोडून कोम्पाद्रे म्हणू लागले, आमच्याकडे मुलाच्या धर्मपित्याला आईबाप म्हणतात तसं. हे नातं आमच्यात रक्ताइतकंच धरतात. त्यांच्या पोर्तुगीज लोकांतही. दर रविवारी दुपारी इसाउरा त्यांच्याकडे असायची आणि मी तेवढ्यात थोडी झोपून घ्यायचे.

पाण्याची नोटीस आली ती उन्हाळ्यात.

आम्ही रेल्वेच्या पूर्वेला राहतो. आमच्या बाजूला गावाची एक जुनी बोअर आहे, तिच्या पाण्यात नायट्रेट चढलं होतं. नोटिशीत बारीक अक्षरात लिहिलं होतं, सहा महिन्यांखालच्या बाळाचं दूध या पाण्यात कालवू नये. मी ती नोटीस वाचली तेव्हा इसाउरा माझ्या मांडीवर बाटली पीत होती. मी बाटली तिच्या तोंडातून काढली. ती किंचाळायला लागली, आणि मी तिला खिडकीपाशी नेऊन तिचे ओठ, तिची नखं बघत बसले. निळी पडतात म्हणे. नव्हती पडली. पण त्यानंतर कितीतरी दिवस मी तिची नखं बघायचे. झोपेत, अंघोळीत, लाल दिव्याला गाडी थांबली की मागे वळून.

"पाणी उकळून घे ना," अमा म्हणाली.

"उकळून जात नाही ते, अमा. उलट दाट होतं."

"मग एवढी शिकलीस ती कशाला? जा आणि त्यांना सांग."

सांगायचं म्हणजे विषयपत्रिकेवर घ्यायचं. आमच्याकडे विषयपत्रिका महापौर ठरवतो. दुसऱ्या कुणाला विषय हवा असेल तर सभेत मागायचा, आणि आणखी एका सदस्याने अनुमोदन दिलं तरच तो पुढच्या सभेत येतो. मी कोम्पाद्रेंकडे गेले. ते गोठ्यापाशी होते. आता गोठ्यात गाई फार उरल्या नव्हत्या, जमीन विकायची बोलणी चालली होती. तिथे नवी वसाहत होणार होती.

"हा तुझा विषय आहे," ते म्हणाले. "माझ्या वर्षात मी घेतला तर तो माझा होईल. डिसेंबरात हातोडी हातात घे आणि पहिल्याच सभेत आण. लोक लक्षात ठेवतील."

"पण तोवर लोकांनी..."

"तोवर मी पूर्वेकडच्या घरांना बाटलीबंद पाणी पाठवतो. ठीक?"

पाठवलं त्यांनी. दर आठवड्याला ट्रक यायचा. मला वाटलं, असा माणूस मिळायला भाग्य लागतं.

मी लक्ष ठेवणारी बाई आहे. मूल झाल्यापासून तर जास्तच. कुठे काय हललं, कोण कोणाकडे बघतंय. त्यामुळे नोव्हेंबरात मालीसच्या डोनटच्या दुकानासमोर मला सकाळी तीन ओळखीच्या गाड्या दिसल्या त्या मी पाहिल्याच. सिल्व्हेरांचा पिकअप, बेड्रोसियनचा टायरच्या जाहिरातीचा ट्रक, आणि वेड लुंडग्रेनची नवी पांढरी गाडी. तिघंही नगरसेवक; पाचांत उरलो मी आणि मिसेस थॉर्प. कायदा असा आहे, की नगरसेवकांनी बहुमत होईल इतक्या संख्येने सभेबाहेर जमून कामकाजाबद्दल बोलायचं नाही. मी गाडी हळू केली. मग मनाशी म्हटलं, डोनट खायला कायद्याची हरकत नाही.

त्याच संध्याकाळी मी कोम्पाद्रेंना फोन केला. "सभेचं सगळं ठरल्याप्रमाणे ना? मिसेस थॉर्पना विचारून बघू का, बाकीच्यांना?"

"अजिबात नको. एकीला विचारलंस, तिने दुसऱ्याला सांगितलं, की झाला कायद्याचा भंग. खुर्चीवर बसायच्या आधीच तुझ्यावर तक्रार. आणि हे बघ, मी तुझ्याशीही यावर बोलायला नको. ठेवतो."

मी कुणालाही विचारलं नाही. कायदा पाळला. आता वाटतं, त्या गावात तो पाळणारी मी एकटीच होते.

सभेच्या दिवशी अमाने पहाटेपासून मक्याच्या पिठाचे तमालेस वाफवले होते, अख्खं पातेलं. एफ्रेनने फळांच्या कारखान्यातली पाळी बदलून घेतली. इसाउराला लाल मखमलीचा झगा घातला, तो तिने गाडीतच ओकून ओला केला. आम्ही सगळ्यांच्या आधी पोहोचलो. बोळातल्या मेजावर केकचा मोठा खोका ठेवलेला होता. अमा तिथे आपलं पातेलं ठेवायला जागा करत होती. खोका सरकवताना तिने झाकण जरा वर केलं, आणि लगेच खाली केलं.

"काय गं?"

"काही नाही. पिवळा आहे केक."

"अमा."

"पिवळाच आहे म्हटलं ना. मुलीला धर, मला पातेलं जड होतंय."

मी झाकण उघडलं. पिवळ्या साखरेवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: अभिनंदन, महापौर वेड.

एफ्रेन माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. "दुसऱ्या कुणाचा असेल," तो म्हणाला. मग त्याला स्वतःलाच ते पटलं नाही. "घरी जाऊया?"

"नाही."

"मग आत जाऊन काय करणार आहेस?"

मला माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की केक आधी सांगावा लागतो. कालपरवा सांगितला असेल. ज्याने सांगितला त्याला नाव ठाऊक होतं, बेकरीतल्या मुलीला ठाऊक होतं, डोनटच्या दुकानात ठाऊक होतं. मी पाण्याच्या विषयाचं टिपण रात्र रात्र बसून तयार करत होते तेव्हा सगळ्या गावाला ठाऊक होतं.

सिल्व्हेरा आत आले. नेहमीसारखे आधी इसाउराकडे गेले, तिच्या पोटाला बोट लावून म्हणाले, "काय हो बाईसाहेब, आज लाल?" ती खिदळली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

सभा सुरू झाली. प्रार्थना झाली, झेंड्याला वंदन झालं. नगरसचिवांनी वाचलं: महापौरपदासाठी नावं. नेहमी इथे जुना महापौर उपमहापौराचं नाव घेतो आणि अर्ध्या मिनिटात सगळं संपतं.

"मी वेड लुंडग्रेन यांचं नाव सुचवतो," सिल्व्हेरा म्हणाले.

"अनुमोदन," बेड्रोसियन म्हणाला. कागदावरून वाचल्यासारखा.

सभागृहात खुर्च्या करकरल्या. लुंडग्रेन आपल्या टायशी चाळा करत होता. तो वाईट माणूस नाही, घरं विकतो, सगळ्यांशी हसून बोलतो. मिसेस थॉर्प, ज्यांनी मला चौथीत शिकवलं होतं, त्या समोरच्या पाण्याच्या पेल्यात बघत राहिल्या.

मी माइकचं बटण दाबलं. "मला विचारायचंय. उपमहापौर मी आहे."

"आहेस," सिल्व्हेरा म्हणाले.

"मग नंबर माझा आहे."

"नियमात नंबर असा काही शब्द नाही. नियम सांगतो, की सदस्यांनी आपल्यातला एक निवडावा. आणि उपमहापौरांनी गेल्या वर्षी पद नाकारलं, ते कामकाजात नोंदलेलं आहे."

"नाकारलं नाही. थांबते म्हणाले होते मी. तुम्ही सांगितलंत म्हणून."

मागे कुणीतरी "ओह" म्हणालं. लुंडग्रेनने घसा खाकरला. "आपण व्यक्तिगत न होता..."

"अवाकियननेही नंबर सोडला होता," मी म्हणाले. मी फक्त सिल्व्हेरांकडे बघत होते. "त्यांना पुढच्या वर्षी खुर्ची मिळाली. तुम्हीच मला सांगितलंत. तुम्ही तिथे मागे भिंतीला टेकून उभे होतात."

मला वाटलं, आता आठवेल त्यांना. आता लाजतील.

"अवाकियनची गोष्ट वेगळी होती," ते म्हणाले.

"काय वेगळी?"

"बाकी चौघांना तो हवा होता."

त्यांनी ते मोठ्या आवाजात म्हटलं नाही. समजावून सांगितलं, बोळात फोटो दाखवताना सांगत तसं. आणि खोटं बोलत नव्हता तो माणूस. भिंतीवरची सगळी माणसं अशीच वर चढली असतील. आम्ही ज्याला नंबर म्हणत आलो, तो ज्यांना आधीच होकार होता त्यांच्यापुरता होता, आणि सिल्व्हेरांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

सचिवांनी एकेकाचं नाव घेतलं. होय. होय. मिसेस थॉर्प, अगदी हळू, होय. लुंडग्रेन, होय.

"आर्रेगीन?" शेवटी माझं नाव.

एकमताचा रिवाज मोडायला किती लागतं? एक शब्द.

"नाही."

सिल्व्हेरांनी हातोडी लुंडग्रेनला दिली. टाळ्या वाजल्या, पण अर्धवट, लोकांना कळत नव्हतं वाजवाव्यात की नाही. अमाने वाजवल्या नाहीत. ती पहिल्या रांगेत इसाउराला छातीशी धरून बसली होती आणि सिल्व्हेरांकडे असं बघत होती, की मी त्यांच्या जागी असते तर उठून गेले असते.

पुढचा विषय, सदस्यांच्या मागण्या. मी टिपण काढलं. कागद मेजावर सरळ केला.

"पूर्वेकडच्या बोअरचं पाणी पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावं, अशी माझी मागणी आहे."

"अनुमोदन?" लुंडग्रेनने विचारलं.

मी बेड्रोसियनकडे बघितलं. तो फोनमध्ये. मिसेस थॉर्प. त्यांचे डोळे भरलेले दिसले मला, पण तोंड उघडलं नाही. मग कोम्पाद्रे. माझ्या मुलीच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडताना ज्यांनी तिला हातांवर धरलं होतं.

"बोअरचा विषय निघाला की राज्य सरकार नव्या नळजोडण्या थांबवतं," ते सगळ्यांना म्हणाले, मला नाही. "गावाला घरं हवीत. या वर्षी नको."

घरं कुठे होणार आणि ती जमीन कोणाच्या गाईंची, हे सान अमारोत कुणाला सांगावं लागत नाही. मला ते इतके दिवस दिसत होतं. ज्या गोठ्यापाशी उभी राहून मी त्यांना आर्जवं केली, तीच ती जमीन. नखं बघायला शिकले, ते बघायला शिकले नाही.

"अनुमोदन नाही. मागणी रद्द," लुंडग्रेन म्हणाला. पहिल्यांदाच हातोडी मारली, जरा जोरातच पडली. "आता उपमहापौर. नावं?"

"नोएलिया आर्रेगीन," सिल्व्हेरा लगेच म्हणाले, आणि माझ्याकडे वळून हसले. तेच ते हसू. मिसेस थॉर्पनी घाईघाईने अनुमोदन दिलं. काहीतरी देता आलं म्हणून सुटल्यासारखं.

"मला नको."

"नोएलिया..." मिसेस थॉर्प म्हणाल्या.

"मी नाव मागे घेते."

सिल्व्हेरा खुर्ची सरकवून माझ्याकडे झुकले. त्यांनी आवाज अगदी खाली आणला, रविवारी पोर झोपली असताना आणत तसा. "घे गं पोरी. हट्ट करू नकोस. नाही घेतलंस तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याने तुला फसवलं."

त्यांच्या माइकचा लाल दिवा चालू होता. शेवटचा शब्द छतातल्या भोंग्यांतून सगळ्या सभागृहात पडला, मागच्या भिंतीवर आपटून परत आला. सिल्व्हेरांनी दिव्याकडे पाहिलं. बटणाकडे हात नेला, आणि मग नेऊन काय उपयोग म्हणून तो तिथेच मेजावर ठेवला. मी त्यांना पहिल्यांदाच म्हातारं झालेलं पाहिलं.

"हो," मी माझ्या माइकमध्ये म्हणाले. "म्हणतील."

सचिवांनी विचारलं, नोंद काय करू. नकार, मी म्हणाले. मग बेड्रोसियन उपमहापौर झाला, ते त्यालाही नीट कळलं नाही.

सभा संपली तेव्हा लोक केकपाशी गेले नाहीत, भिंतीपाशी घोळक्याने उभे राहिले. पूर्वेकडच्या दोन बाया माझ्याजवळ आल्या. एकीने विचारलं, बाटल्यांचा ट्रक आता येणार की नाही? मी सांगितलं, माहीत नाही. विचारीन, पण माहीत नाही. ती म्हणाली, "मग तू तिथे बसून काय करतेस?" रागाने नव्हे, खरंच विचारत होती.

अमाने इसाउराला माझ्याकडे दिलं. मी दाराकडे निघाले. सिल्व्हेरा तिथे उभे होते, टोपी हातात, बाजूला होऊन मला वाट देत. इसाउराने त्यांना पाहिलं आणि ती हसली, दोन्ही हात पसरून सगळ्या अंगाने त्यांच्याकडे झेपावली, रविवारी झेपावते तशी. त्यांचे हात आपोआप पुढे आले.

मी तिला घट्ट धरलं. तिला कळेना. तिने मान मागे टाकली, पाय झाडले आणि भोकाड पसरलं. गाडीपर्यंतच्या सगळ्या वाटेवर ती त्यांच्याकडे हात करून रडत राहिली, आणि मी तिला सांगू शकत नव्हते, की का.